चार वाजून दहा मिनिटांचा शोध

हरवलेल्या माणसांच्या नोंदणी कार्यालयात नवा डेटाबेस यायचा होता, आणि तो किती वेगाने शोधतो हे मोजणारी चाचणी उभारण्याचे काम त्याच्याकडे होते. फारसा बोलत नसे म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. दोन वर्षांपूर्वी लोकांनी नागरी केंद्रांतल्या संगणकांवर खरोखर केलेले शोध त्याने चाचणीसाठी उचलले होते. यंत्र तेच प्रश्न हजारो वेळा पुन्हा विचारी, लागलेला वेळ टिपून ठेवी आणि उत्तर न पाहताच टाकून देई. उत्तराशी चाचणीला कर्तव्य नव्हते.

पहिल्या फेऱ्या त्याने त्याच काळातल्या नोंदींवर घेतल्या, तेव्हा त्याचे वरिष्ठ, मास्तर, करवादले.

“शिळ्या डेटावर पळवून पहिला नंबर काढतोस होय रे मुनी? आजपर्यंतच्या नोंदी भर.”

त्याने भरल्या. आकडे छान आले. एक शोध तेवढा सगळ्यांच्या मागे पाय ओढत राहिला.

“काढून टाक ती ओळ,” मास्तर म्हणाले. “एकटी सगळ्या चाचणीचं नाक कापतेय. संध्याकाळी अहवाल द्यायचाय.”

“कसला शोध आहे ते बघतो आधी.”

“बघ बाबा. पण तिच्यापाशी जप करत बसू नकोस.”

त्याने ओळ उघडली. हरवलेल्याचे नाव नव्हते. घारे डोळे, डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण, चालताना उजवा पाय किंचित ओढतो. वय, उंची, ठिकाण, साऱ्या अटी सैल सोडलेल्या; म्हणून यंत्राला एकूण एक नोंद चाळावी लागत होती. वेळ रोजची एकच: दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

बाबा रोज चारला पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडत; नागरी केंद्र घरापासून दहा मिनिटांवर होते. त्यांना वारून वर्ष झाले होते. घर सोडून गेलेल्या दादाचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. आणि दादाच्या भुवईवरचे ते तीन टाके मुनीने लहानपणी भिरकावलेल्या दगडाचे होते. इथे नोकरीला लागून तीन वर्षे झाली, तरी हा शोध घ्यायची त्याची छाती झाली नव्हती.

ती ओळ त्याने चाचणीबाहेर, स्वतःच्या हाताने, एकदाच चालवली. दोन वर्षांपूर्वी बाबांना तिचे उत्तर रोज शून्यच मिळालेले होते. यंत्र रेंगाळले. मग आकडा उमटला: एक.

नोंद सात महिन्यांपूर्वीची, एका निवारागृहाची. नाव सांगत नाही. खाली परिचारिकेचा शेरा: ‘भुवईच्या खुणेबद्दल विचारल्यास हसतो. म्हणतो, धाकट्यानं मारलं, पण आईला सांगू नका.’

“काढलीस का रे?” पलीकडून मास्तरांनी विचारले.

“नाही, मास्तर. राहू दे ती.” त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. “मी दादाला आणायला जातोय.”

त्याच्यामागे पुढची फेरी सुरू झाली, आणि रिकाम्या खुर्चीसमोर बाबांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली.