बिनसोडियमचं मीठ

"स्वयंपाक हीच करते," असं नवऱ्याने डॉक्टरांना सांगितलं आणि सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासरे पलंगावर पडून होते, छातीला वायरी लावलेल्या. किडन्या आधीच अधू, त्यात रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदयाचे ठोके अडखळत होते. ते आलं कुठून, एवढंच डॉक्टर विचारत होते. नणंदेने भावाकडे बघितलं, भावाने बायकोकडे. सापडला चोर.

अहो, कसला स्वयंपाक? सासऱ्यांचं मीठ बंद झाल्यापासून त्या घरात पातेल्यात मीठ पडतच नव्हतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला अळणी वाढायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ही पद्धत तिनेच पाडली होती. हवं त्याने ताटात वरून घ्यावं. ती स्वतः तेही घेत नसे. मग नणंदबाई राहायला आल्या. "बाबांना काय अळणी खायला घालून मारताय का?" म्हणत त्यांनी दुकानातून एक डबी आणली. सोडियम अजिबात नाही, हृदयाला चांगलं. सासरे त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. डबीवरची बारीक अक्षरं वाचून ती जेवणाच्या टेबलाशीच म्हणाली, "हे पोटॅशियमचं मीठ आहे. बाबांच्या किडन्यांना ते बाहेर टाकता येणार नाही." कुणाचा घाससुद्धा थांबला नाही. तेव्हा तिने ओल्या तारेला मीठ लावून गॅसवर धरलं. रोजच्या मिठाने ज्योत पिवळीधमक झाली. दुसरी स्वच्छ तार घेऊन डबीतलं मीठ धरलं, तर फिकट जांभळी.

"तुझी शाळा सुटली ना?" नवरा म्हणाला.

"मीठ ते मीठ, वहिनी," नणंद म्हणाली. "त्यांचं पोट काय तुझ्या प्रयोगांनी भरणार आहे?"

तिने डबी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी डबी हजर. त्यावरून भांडण झालं, आणि आगाऊ ठरली कोण, तर तीच.

आता तिने तीच डबी पर्समधून काढून डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे यांना कुणी दिलं?"

"वहिनी, तुला एवढं माहीत होतं तर नीट समजावून सांगायचं ना," नणंद म्हणाली.

कमाल झाली या बाईची. सुनेने तोंड उघडलं, पण पलंगावरूनच आवाज आला.

"तिने सांगितलं होतं. मी बघितली ना ज्योत. कळलं होतं मला."

"मग बाबा, खाल्लंत कशाला?" नवरा म्हणाला.

"चव लागत होती रे. म्हटलं, भांडतायत ते भांडू देत." सासऱ्यांनी मान सुनेकडे वळवली. "रागावलीस का गं?"

नवऱ्यावर ती रोजच चिडायची, नणंदेकडून तिला कसली आशाही नव्हती. पण हे तिला खरंच लागलं.

"हो, रागावले," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी इतके दिवस अळणी जेवले, बाबा. आणि तुम्ही समोर बसून मला बोलणी खाऊ दिलीत. का?"

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. ती स्टूल ओढून पलंगाजवळ बसली. उत्तर मिळाल्याशिवाय ती उठणार नव्हती.