कोपरापुरता ड्रमर

मी एका रॉक बँडचं चरित्र बोलतोय. खास चाहत्यांसाठी काढलेलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, हातात घेतलं की मनगट दुखावं एवढं वजन. दर्जाचं म्हणाल, तर... बांधणी उत्तम आहे.

मला लिहिणारा या बँडचा निस्सीम चाहता. माहिती जमवताना त्याने खरंच जिवाचं रान केलं. ज्या ड्रमरने आपल्या गॅरेजमध्ये हा बँड सुरू केला, त्याच्याकडे तर तो अख्खी दुपार बसला होता. तेव्हा मी चांगला होणार होतो, असं मला आपलं उगाच वाटतं.

मग त्याने केलेली चूक चाहताच करू जाणे. छापण्याआधी सगळा मजकूर गायकाला नेऊन दिला. "सर, एकदा नजर टाका ना!" गायकाचं आणि ड्रमरचं कधीचंच फाटलेलं. सरांनी नजर टाकली आणि ड्रमर पानापानांतून गेला. एका फोटोत गायकाच्या खांद्यामागे त्याचं कोपर तेवढं उरलं.

मला विकत घेतलं ड्रमरच्या मुलीने. तान्ह्या बाळाला कडेवर सावरत तिने मला दुकानातच चाळलं. आपल्याच नजरेतून सुटलं असेल म्हणून पुन्हा चाळलं. लेखक तिथेच सह्या देत होता. ती रांगेत उभी राहिली.

"काय लिहू?"

"बाबांसाठी हवंय. या बँडचे ड्रमर होते ते. आमच्या घरी येऊन गेलात की तुम्ही."

लेखकाने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले. त्याने लिहिलं, 'एका सच्च्या चाहत्यास, सप्रेम.'

घरी बाबांनी चष्मा लावून ते वाचलं. "घ्या! बढती मिळाली मला."

"हसताय काय बाबा? फेकून देते मी हे."

"राहू दे गं. फोटो छान आलेत."

म्हणून मी राहिलो. नाव दिसू नये म्हणून ती मला फळीवर पाठ भिंतीकडे करून ठेवते. उद्या बाळ वाचायला शिकेल. ती सांगेल, हा बँड तुझ्या आजोबांनी काढला. ते मला उघडून आजोबांना शोधेल आणि म्हणेल, "पण आई, पुस्तकात तर नाहीये!" ही धास्ती तिला आतापासूनच लागलीय. वर स्वतःलाच म्हणते, "मी ना, उगाच काळजी करते."

उगाच नाही, बाई. छापलेलं लोकांना फार लवकर पटतं. चाहत्यांनो, मला हवं तेवढं मिरवा. पण त्या पोराने विचारलं, तर माझं ऐकू नका. त्याच्या आईचं ऐका.