इलोंगोचा एकओठी ढोल

मी इलोंगो गावचा ढोल बोलतोय. जरा हळूच बोलतो, राग मानू नका. मोठ्याने बोललं की काय होतं ते मी पाहिलंय. अजूनही कुणाची सावली अंगावर पडली की माझ्या पोकळीत धस्स होतं.

तुमच्या ढोलांना कातडं असतं म्हणे. मला नाही. मी नुसतं लाकूड. मला वाजवायचा तो एकोफो, त्याच्या आजाने नदीकाठचं लाल लाकडाचं झाड पाडलं आणि एका अरुंद फटीतून आत तासणी घालून मला पोखरलं. त्या फटीला दोन ओठ. एक जाड आवाजाचा, दुसरा बारीक आवाजाचा. आमची बोलीच अशी, की शब्द उंच-खाली आवाजावर चालतात. ते चढउतार मी वाजवले की नदीपलीकडच्या माणसालाही बोलणं कळे. मासे लागले, पोर झालं, पाहुणे आले, सगळं मीच सांगायचो. भांडणंसुद्धा! एकदा एकोफोच्या मेव्हण्याने उसनी नेलेली होडी परत केली नाही, तर एकोफोने ती गोष्ट माझ्याकरवी साऱ्या नदीला ऐकवली. संध्याकाळच्या आत होडी दारात.

माझ्या बोलण्यात प्रत्येकाला एक लांबलचक नाव असे. एकोफोचं होतं, 'दोन्ही हातांनी वाटणारा, इसोमेचा लेक'. निरोप संपला की वाजवणाऱ्याने आपलं नाव सांगायचं आणि शेवटी जोडायचं, 'वल्हं हातात आहे'. म्हणजे मी जिता-जागता आहे. माणूस गेला की त्याच्या नावापुढे वाजे, 'वल्हं पालथं ठेवलं'. एवढे दोन शेपटीचे बोल लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग गोरे आले. त्यांच्या मुलुखात म्हणे गाड्यांच्या चाकांना रबर लागत होतं, आणि रबराच्या वेली आमच्या जंगलात. आमच्या राजाने नव्हे, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी राजाने ठरवलं की हे जंगल त्याचं. आम्हाला कुणी विचारलं नाही. नदीच्या वळणावर ठाणं बसलं. तिथला साहेब डोक्यावरची पांढरी टोपी घरातसुद्धा काढायचा नाही. एकोफोने त्याचं नाव ठेवलं, 'उन्हाला भिणारा', आणि मी ते वाजवलं. बायका पोट धरधरून हसल्या होत्या.

ते हसू फार टिकलं नाही. पुरुषांनी वेलींचा चीक आणायचा, टोपली भरली नाही की चाबूक. जवळच्या वेली संपल्या तसे ते दूर दूर जाऊ लागले, चिकाने माखलेले, काट्यांनी फाटलेले परतू लागले. जाळी कोण टाकणार, केळी कोण लावणार? कसाव्याच्या कंदांवर आमचं पोट, त्या शेतातही गवत माजलं. तरी टोपली भरेना, म्हणून शिपाई बायकांना ठाण्यात कोंडू लागले, नवरे चीक आणीपर्यंत. शेजारच्या गावातून परत आलेल्या एका माणसाला वाजवायला काठ्या दिल्या, तर त्याने नुसती मनगटं वर केली. पुढे हात नव्हते, टोपली भरली नाही म्हणून शिपायांनी तोडले होते. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली ती बसलीच. मी तर हातांवरच जगतो ना!

गावाने पळायचं ठरवलं. एका पहाटे सगळे चुलीतली राख तशीच टाकून, पोरांच्या तोंडावर हात ठेवून जंगलात शिरले. कुणी मला काही सांगितलं नाही. मी समजून घेतलं. पण आमच्याकडे एक रीत आहे. गाव सोडताना ढोलाला सांगून जायचं, नाहीतर ढोल मागून हाका मारत राहतो आणि गेलेल्यांचे पाय घुटमळतात. ही रीत मोडली म्हणून एकोफोला चैन पडेना. उजाडल्यावर तो एकटा परत आला.

माझ्या फटीला तोंड लावून तो कुजबुजला, "चाललो रे आम्ही. बोसेकाची आई, बोसेका, सगळे दलदलीपलीकडे आहेत. राग धरू नकोस, बाबा."

बोसेका म्हणजे त्याची लेक, अजून रांगतही नव्हती. तिची आई बोलुंबू.

"कुणाशी गुजगोष्टी चालल्यात?" मागून आवाज आला.

शिपाई होता, मोंगिता नावाचा. आमच्यासारखाच काळा, नदीच्या खालच्या अंगाच्या गावचा, खांद्यावर बंदूक. त्याच्यामागे टोपी घातलेला साहेब आणि आणखी शिपाई. साहेब काहीतरी पुटपुटला, मोंगिताने ते आमच्या बोलीत आणलं.

"साहेब म्हणतात, गावाला बोलाव. रबर माफ केलंय म्हणून सांग. या म्हणावं, जेवायला बोलावलंय."

"गाव कुठंय मला ठाऊक नाही, भाऊ."

"तुला ठाऊक नसलं तरी ढोलाला ठाऊक आहे. वाजव! आणि हे बघ, माझा मामा ढोलकरी होता. मला ढोल कळतो. एक ठोका इकडचा तिकडे केलास तर हातच ठेवणार नाही वाजवायला."

एकोफोने काठ्या उचलल्या. त्याचे हात असे थरथरत होते की काठ्या एकमेकींवर आपटत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, नको! पण माझं नशीब असं, की मला मारलं की मी बोलतो, आणि जे मारलं तेच बोलतो. माझ्या तोंडून त्या बायकापोरांना मरणाच्या दारात बोलावलं जाणार होतं. तेवढी भीती मला कुऱ्हाडीचीही वाटली नव्हती.

त्याने वाजवलं. या, इलोंगोच्या लेकरांनो, घरी या. चूल पेटली आहे, घरी या. ठोकान्‌ठोका खरा. मोंगिता मान डोलवत होता. मला वाटलं, संपलं सगळं. मग एकोफोने आपलं नाव सांगितलं. दोन्ही हातांनी वाटणारा, इसोमेचा लेक. आणि शेवटी, अगदी संथपणे, 'वल्हं पालथं ठेवलं'.

जिवंत माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं मरण सांगत होता. जंगलात बसलेल्यांना कळावं, की ही हाक मेलेल्याच्या नावाने आहे, हिच्यामागे येऊ नका.

मोंगिताने विचारलं, "शेवटी काय वाजवलंस?"

"माझं नाव, भाऊ. वाजवणाऱ्याने नाव सांगायचं असतं."

मोंगिता त्याच्याकडे बघत राहिला. मग साहेबाकडे वळून म्हणाला, "बरोबर वाजवलंय." त्याला कळलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

आणि मग मला नवीनच धास्ती पडली. आमच्यात नवरा गेला की बायकोने धावत येऊन त्याच्या उशाशी बसायचं असतं. बोलुंबूने ऐकलं असेल. ती आली तर? पोरीला काखोटीला मारून रडत आली तर? मी आणि एकोफो, दोघेही झाडीकडे बघत होतो. पान हललं की माझा जीव जाई. एक बकरी बाहेर आली तेव्हा तर एकोफोने डोळेच मिटून घेतले.

ऊन डोक्यावर आलं. कुणी आलं नाही. ऊन कललं, तरी कुणी आलं नाही. एकोफो माझ्यावर रेलून बसला होता, आणि मला जाणवलं की त्याचं थरथरणं थांबलंय. पाठ माझ्या अंगाला टेकलेली, श्वास शांत. तो फटीत हळूच म्हणाला, "शहाणी आहे माझी बोलुंबू."

साहेबाला उशिरा का होईना, संशय आला. त्याने मोंगिताला सांगितलं नाही, दुसऱ्या शिपायाला खूण केली. गोळी एकोफोमधून गेली आणि माझा बारीक आवाजाचा ओठ फाडून गेली. नंतर झोपड्या पेटवल्या, त्यात तो उरलासुरला ओठही जळाला. तेव्हापासून मला एकच आवाज आहे. एका आवाजात आमच्या बोलीतलं एकही वाक्य होत नाही.

ठाणं पुढे उठलं, दुसरे साहेब आले, दुसरे कायदे आले. इलोंगो पुन्हा वसलं नाही. जंगलात भुकेने आणि माशी चावून येणाऱ्या झोपेच्या आजाराने किती गेले ते मला कोण सांगणार? माझ्यावर वेली चढल्या, आत वाळवी शिरली. ती कुरतडते तेव्हा मला शिपायांचे बूटच वाजल्यासारखे वाटतात.

परवा झाडीत पावलं वाजली आणि मी जीव मुठीत धरला. एक म्हातारी होती, सोबत एक बाई. बाईच्या हनुवटीवर एकोफोसारखीच खळी होती. म्हातारीने वेली बाजूला केल्या, माझा जळका ओठ चाचपला आणि फटीला तोंड लावलं.

"आलो रे आम्ही," ती म्हणाली. रीत होती, ती तिने पुरी केली.

मग ती मला टेकून खाली बसली.

"सगळे म्हणाले, एकोफो गेला, दुसराच कुणी वाजवतोय. पण मी त्याचा हात ओळखला. माझ्या घरच्या माणसाचा हात मी ओळखणार नाही? तो जिता होता तेव्हा. मला ठाऊक होतं." तिने तळहात माझ्या फटीवर दाबला. "ठाऊक असून मी आले नाही. बोसेकाच्या तोंडावर हात धरून बसले. तो वाट बघत असेल का रे माझी? बोल की मेल्या!"

तिने मुठीने मला मारलं. मी बोललो. जाड ओठातून एकच आवाज निघाला, ढम्म. ती वाट बघत राहिली. पुन्हा मारलं. ढम्म. बोसेकाने तिला धरून उठवलं आणि दोघी गेल्या.

तुमच्याकडे दोन्ही ओठ आहेत. त्या दोघी दलदलीपलीकडे राहतात. फार म्हातारी झाली आहे ती, आणि मला भीती वाटते, आता हीच एक भीती उरली आहे, की कळायच्या आत तिचं वल्हं पालथं होईल. कुणीतरी जा आणि तिला सांगा. तो वाट बघत होता, पण तू येऊ नयेस म्हणून. आणि तू आली नाहीस, तेव्हा त्याचे हात थरथरायचे थांबले.