बाण सरळ जाईना

"गेला! परत गेला!" मुख्याध्यापक पोळसर ओरडले.

पडद्यावरचा बाण बिरदेवच्या ताब्यातून सुटून वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. बिरदेवने माऊस खाली ओढला, तर बाण जागचा हलेना. थोडा जोर लावला, तर टुणकन उडी मारून थेट उजवीकडे. मधे कुठे थांबायचं नावच नाही.

"आवं सर, परवापातूर सरळ चालत होता."

"परवाचं मला सांगू नका. लालासाहेब अकराला येणार आहेत. अकराला बाण कुठं असणार, ते सांगा."

बाण कुठे असणार, हे खुद्द बाणालाही ठाऊक नव्हतं.

म्हसवडच्या अलीकडे फाट्यावरच्या त्या हायस्कुलात बिरदेव कैक वर्षं क्लार्क होता. दाखले टाईप करायचे, शिक्के मारायचे, घंटा वेळेवर झाली का बघायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. घराण्यात बसून काम करणारा तो पहिलाच. बाकी सगळ्यांचे पाय मेंढरांमागे झिजलेले. त्याची आई सुलाबाई बिरोबाच्या देवळात बायकांना सांगायची, "माझं पोरगं बूड न हलवता पगार घेतंय." ही तक्रार होती की बढाई, ते तिचं तिलाच माहीत.

मग उन्हाळ्यात संस्थेने शाळेला एक कॉम्प्युटर दिला आणि शिकून यायला बिरदेवला साताऱ्याला पाठवलं. दीक्षामॅडमच्या क्लासमधे कॉलेजची पोरंपोरी आणि त्यांच्यात डोक्यावर टोपी घातलेला हा एकटा. पहिल्या दिवशी माऊस हलवला आणि पडद्यावर बाण हलला, तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. या वयात माणसाला असं वेड लागू नये, पण लागलं. गावी आल्यावर त्याने पेंटमधे शाळेचं चित्र काढलं. कौलं, झेंड्याचा खांब, दारापुढचा लिंब, सगळं माऊसने. त्या चित्रासाठी तो रविवारी सुद्धा शाळेत येऊन बसायचा.

पण फलटणच्या शाखेचाही त्या कॉम्प्युटरवर डोळा होता. माणदेशात तो धूळ खात पडेल, असं त्यांचं म्हणणं. संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब रोखठोक गडी. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, चालवून दाखवा. न्हाई चालला तर फलटणला," एवढं सांगून ते जीपमधे बसले होते. आणि आज दसऱ्याचा दुसरा दिवस होता.

कॉम्प्युटरच्या खोलीत आता निम्मा स्टाफ जमला होता आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. कुणी पंखा बंद करायला लावला, कुणी माऊसखाली पुठ्ठा घातला. पीटीचे सर म्हणाले, "व्हायरस असणार. पेपरात आलतं." त्याबरोबर सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि शिवणाच्या बाईंनी नाकाला पदर लावला. बिरदेवने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. बाण शहाण्यासारखा मधोमध उभा राहिला, आणि हात लावताच कोपऱ्यात पळाला. किबोर्डवरून काम भागलं असतं, पण त्या गावाला बिरदेव अजून पोचला नव्हता.

"साताऱ्याला फोन लावतो," असं म्हणत तो उठला आणि पळत सुटला.

फाट्यावर कुणी एसटीडी बूथकडे पळालं की लोक आधी टोपी काढतात. बूथवाला गुंडा काउंटरमागून उठलाच. "कोण गेलं रं?"

"कोण गेलं न्हाई! सातारा लाव!"

फोन लागला. दीक्षामॅडमचा आवाज आला आणि बिरदेवला निम्मा धीर आला. "मॅडम, बाण पळतोय. आडवा जातोय, उभा जाईना झालाय. मधीच उड्या मारतोय."

"काका, आधी वायर बघा. मागची पिन घट्ट बसलीय का? काढून परत लावा, आणि मग मशीन चालू करा."

तो पळत गेला. पिन काढली, फुंकली, घट्ट बसवली. मशीन चालू केलं, तर बाण पुन्हा कोपऱ्यात. तो पुन्हा पळत आला. तोवर बूथपुढे दहापंधरा माणसं जमली होती आणि शाळेत कुणीतरी बेशुद्ध पडल्याची बातमी पार नाक्यापर्यंत गेली होती.

"मॅडम, न्हाई चालला!"

"मग माऊस उलटा करा. खाली एक गोल झाकण आहे, ते फिरवलं की निघतं. आतली गोळी बाहेर काढा. गोळीच्या खाचेत दोन बारीक रूळ आहेत, त्यांना काय चिकटलंय ते बघा."

"उघडायचा? संस्थेचा हाय मॅडम."

"उघडा हो काका. काही होत नाही. मी हाय की हितं!" घाईत मॅडमही गावच्या भाषेवर आल्या.

शाळेत परतून बिरदेवने धापा टाकत झाकण फिरवलं. गोळी टपकन खाली पडली, फरशीवरून गडगडत गेली आणि कपाटाखाली शिरली. परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात पोळसर पोटावर आडवे झाले आणि हात घालून त्यांनी ती बाहेर काढली. त्यांची बोटं पिवळी झाली होती. बिरदेवने आत वाकून पाहिलं. दोन्ही रुळांवर पिवळा, चिकट लेप बसला होता.

"हे काय?" पोळसरांनी बोटांचा वास घेतला. "हळद?"

"हळद न्हाई सर," बिरदेव म्हणाला. "भंडारा हाय."

आणि मग त्याच्या सगळं लक्षात आलं. खंडेनवमीला शाळा सुटल्यावर तो आईला कॉम्प्युटर पुजायला घेऊन आला होता. ह्यात चालतं काय, असं तिने विचारल्यावर त्याने माऊस दाखवला, आणि नारळासाठी पाणी आणायला बाहेर गेला. परत आला तेव्हा सुलाबाई भंडाऱ्याची पिशवी कमरेला खोचत होती.

ती आता कार्यक्रमासाठी व्हरांड्यात येऊन बसलीच होती. बिरदेव धावत बाहेर गेला. "आये, माऊसला खालनं भंडारा लावलास व्हय?"

"मग? गाडी पुजताना चाकाला लावत्यात का टपाला?" सुलाबाई म्हणाली. "उलटं करून बगितलं, तर चाक हुतं. तेलबी सोडलं दोन थेंब. कोरडं चाक करकरतं."

यावर बिरदेवला रागवायचं होतं, पण हसू आलं. पोळसरांनी मात्र त्याला दंडाला धरून आत नेलं. "लालासाहेबांपुढं ह्यातलं एक अक्षर काढू नका. फलटणवाल्यांना आयतं कोलीत मिळेल."

प्रयोगशाळेतून स्पिरिट आलं, प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस आला. बिरदेवने काडीला कापूस गुंडाळला आणि रूळ हळूहळू पुसत आणले. शिवणाच्या बाईंनी गोळी धुऊन पुसून हातावर ठेवली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. गोळी आत, झाकण वर, मशीन चालू. बिरदेवने डोळे मिटून माऊस सरकवला.

"चाललाऽ!" पीटीचे सर एवढ्या जोरात ओरडले, की मैदानातली रांगेतली पोरं सावधान झाली.

आणि बाण खरंच चालला. वर, खाली, आडवा, तिरका, म्हणाल तसा. बिरदेवला वाटलं, धावत जाऊन मॅडमना सांगावं. पण लालासाहेब दारात उभे होते.

बिरदेवने दाखवलं तसं लालासाहेबांनी बटण दोनदा दाबलं आणि पडद्यावर शाळा उघडली. कौलं, खांब, लिंब. खिडकीला लोंबकळलेल्या पोरांनी एकच गिल्ला केला. लालासाहेब चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "बिरदेव, मगाशी बूथवर पळापळ चालली हुती म्हनं. काय झालतं?"

पोळसर खोकले. बिरदेवने त्यांच्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. आईनं केलेलं लपवावं, असं त्यात त्याला काही दिसेना.

लालासाहेब पोट धरून हसले. "सुलामावशी, या की हिकडं. चाक तुमी पुजलं, तर गाडीबी तुमीच हाका."

सुलाबाईने पदराला हात पुसले आणि ती खुर्चीच्या कडेला बसली. "हे बटण दाबून धर, आये," बिरदेव म्हणाला, "आन् हितनं शाळंच्या दारापातूर रस्ता काढ." तिने माऊसवर हात ठेवला. बाण निघाला आणि थरथरू लागला. रेघ खाली गेली, वर उडाली, पुन्हा खाली आली.

"गेला! परत गेला!" पोळसरांचा चेहरा उतरला.

बिरदेवने झडप घालून माऊस उलटा केला, झाकण काढलं. गोळी स्वच्छ होती, रूळ स्वच्छ होते. लालासाहेबांनी माऊस घेऊन स्वतः एक रेघ ओढली. ती सरळ गेली. त्यांनी तो सुलाबाईपुढे सरकवला आणि बाण पुन्हा थरथरू लागला.

"मशिन धड हाय रं, बिरदेवा," सुलाबाई म्हणाली. "त्यो माझा हात हाय. वरीस झालं, असंच करतोय."

एवढं बोलून ती पुन्हा पडद्याकडे वळली. ओठ दाबून तिने रस्ता पुढे नेला. लिंबाला वळसा घालून, खांबाला धडकून, वाकडातिकडा तो कसाबसा शाळेच्या दारापर्यंत पोचला. खिडकीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबही वाजवू लागले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फलटणला कळवा. हे मशिन हितनं हलत न्हाई."

हेच वाक्य ऐकायला बिरदेव सकाळपासून जिवाचं रान करत होता. तोही टाळ्या वाजवत होता, पण त्याची नजर आईच्या हातावर होती. रोज सकाळी ती त्याला चहा आणून द्यायची, आणि कितीतरी महिने कप अर्धाच भरलेला असायचा. म्हैस आटत आली असेल, असं तो धरून चालला होता.