कॉम्प्युटरवरचं अभिषेकपात्र

खोटं सांगत नाही, त्या परातीतल्या पाण्यानं मी स्वतः तोंड धुतलंय. चांगलं कढत होतं.

दोन हजार साली तेलगावच्या सिद्धारामअप्पांच्या अमरनाथनं हैदराबादहून साखरेच्या पोत्यात सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. टेबल मांडलं कापसाच्या वखारीत, कारण घरात जागा नव्हती. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला की दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीला डबा असा तापायचा की वर झोपलेलं मांजर उडी टाकून पळायचं, आणि पडदा काळा. अमरनाथनं गेम पुन्हा भरला, रॅम बदलली, विंडोज तर सात वेळा टाकलं. शेवटी व्हायरसवर खापर फोडून मोकळा झाला.

त्यात मी त्याला नांदूरघाटच्या महारुद्रअप्पांच्या शिवांजलीचं स्थळ आणलेलं. पोरगं कॉम्प्युटरचा डॉक्टर हाय, असं जरा फुगवूनच सांगितलं होतं. महारुद्रअप्पांनी निरोप धाडला, "मशीन आमच्यासमोर पाच फेऱ्या चालली तर सोयरीक. न्हाई तर चहा पिऊन माघारी."

सिद्धारामअप्पा लेकाला म्हणाले, "उन्हाळ्यात महादेव बी तापतो बे. त्याला कोण रॅम घालतंय?"

आणि पिंडीवर टांगतात तसलं तांब्याचं अभिषेकपात्र त्यांनी आढ्याला बांधून थेंब थेंब पाणी सोडलं. अमरनाथनं घाईनं डब्यावर पितळी परात ठेवली. महिनाभरात त्यानं केलेली कामाची दुरुस्ती तेवढीच.

पाहुणे आले. शिवांजली लातूरला कॉम्प्युटर शिकलेली, ती हट्टानं सोबत आली. शर्यत सुरू झाली. दुसऱ्या फेरीला परातीतून वाफ निघाली. तिसऱ्या फेरीला पडदा काळा.

महारुद्रअप्पांनी टोपी उचलली. "चहा झालाय आमचा."

"अप्पा, बसा की जरा," शिवांजली म्हणाली. तिनं वायर काढली, परात उतरवली, पेचकसानं डबा उघडला आणि आतल्या पंख्यातून मुठीएवढा कापसाचा बोळा ओढून काढला.

"हे कुठून आलं?" अमरनाथनं विचारलं.

तिनं त्याच्या पाठीमागं आढ्याला टेकलेल्या कापसाच्या ढिगाकडं नुसतं बघितलं.

मशीन थंड झाल्यावर पाच काय, नऊ फेऱ्या झाल्या.

"झालं की मग," मी महारुद्रअप्पांना म्हणालो.

"मशीनचं झालं वो. पोरगं कापसाला टेकून महिनाभर व्हायरस हुडकत बसलंय, त्याचं काय?"

"म्हणून तर इथंच द्या मला," शिवांजली म्हणाली. "इथं लई काम हाय."

आता ती दर सोमवारी पंखा साफ करते. निघालेल्या कापसाच्या वाती सासू रुद्राणीबाई वळतात. त्यांचा लाख वातींचा नवस त्याच्यावरच फिटला. आणि सिद्धारामअप्पा न चुकता पात्रात पाणी भरतात. मशीन पुन्हा कधी बंद पडली नाही, आणि ते कशामुळं, हे गावाला अप्पांनीच समजावून सांगितलंय.