ओल्या प्लमचा वाडगा

बाबा लोकरीच्या गुंड्यांसाठी लेथवर लाकडी वाडगे कातायचे. झ्लातिबोरच्या डोंगराळ भागातल्या विणणाऱ्या बायका ते हातोहात न्यायच्या. आई मात्र स्वतःचा गुंडा टवके उडालेल्या पातेल्यात ठेवायची. त्या वसंतात ती अंथरुणाला खिळली. बाबांसाठी मोजे विणायला घेतले होते, पण पातेलं अंथरुणात कलंडायचं, गुंडा सारखा पलंगाखाली जायचा आणि तिला वाकता येत नव्हतं.

"म्हाताऱ्या, सगळ्या गावाला वाडगे दिलेस," ती म्हणाली. "मलाही एक दे. अंगणातल्या प्लमचा."

ते झाड नुकतंच वादळात पडलं होतं.

"ओलं आहे अजून," बाबा म्हणाले.

"मी तरी कुठे वाळलेय?"

बाबांची रीत ठरलेली होती. ओलं लाकूड आधी जाड कातायचं, वर्षभर भुशात पुरून सुकू द्यायचं, मग पुन्हा कातून पातळ करायचं. शेवटी कडेला, दोरा बाहेर यायला, एक वळणदार खाच. घाई केली की लाकूड वाकतं.

मी जवळच्या शहरात, उझित्सेला, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. आईचे रिपोर्ट मी पाहिले होते. शेडमध्ये बाबांनी विचारलं, "वर्ष आहे तिच्याकडे?"

"नाही, बाबा. फार तर उन्हाळा सरताना प्लम पिकेपर्यंत."

त्यांनी लेथ चालू केला. ओल्या सालपटांनी खिडकी भिजली. संध्याकाळी वाडगा आईच्या कुशीशी होता. पातळ, लालसर, हाताला गार.

"लग्नाआधीच मागायला हवा होता," आई म्हणाली.

एक मोजा पुरा झाला. दुसऱ्याची टाच वळवताना ती गेली.

चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, आम्ही थडग्यावर शिजवलेला गहू आणि मेणबत्त्या ठेवून परतलो. शेजारच्या स्तामेनाने अर्धा मोजा हातात घेतला. गेलेल्या माणसाचं विणकाम अर्धवट ठेवू नये, असं तिचं म्हणणं. तिने दोरा ओढला, तो आला नाही. चुलीशेजारी सुकून वाडगा लांबट झाला होता आणि खाच लोकरीवर घट्ट मिटली होती.

"कापते आणि गाठ मारते."

बाबांनी तिच्या हातून कात्री काढून घेतली. "तिच्या विणीत गाठ नको."

"मग वाडग्याला करवत लाव!"

"दोऱ्यालाही लागेल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाण्यात ठेवला तर लाकूड फुगून खाच उघडेल," मी म्हणाले. "पण पुन्हा सुकताना तडकेल. वाडगा राहणार नाही."

बाबा तो बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग उठून बादली भरून आणली.

सकाळी दोरा सुटला. दुपारपर्यंत स्तामेनाने मोजा पुरा केला. तिची वीण आईपेक्षा आवळ आहे, टाचेपाशी बोट फिरवलं की कळतं. बाबांनी दोन्ही मोजे तिथेच पायांत चढवले.

आठवड्याभराने जेवताना चुलीजवळ बारीकसा आवाज झाला. बाबांनी वळून पाहिलं नाही. ताट सरकवून शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेले, तर त्याच प्लमचा उरलेला तुकडा ते जाड कातत होते.

"कुणासाठी?"

"ठरवलं नाही."

त्यांनी वाडगा भुशात पुरला आणि वरून हाताने हलकेच थापलं.

"वर्षाने बघू," ते म्हणाले.