बोळकांडीच्या टोकाचा बल्ब

सोमवारी सकाळी आमच्या घरातली बोळकांडी सतरा फुटांनी वाढली. मी टेप लावून मोजली. मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही. भिंत तडकली नव्हती, फरशी फुटली नव्हती. नव्या फरशा जुन्यांइतक्याच झिजलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर हळदीचा डागही होता.

बोळकांडीच्या पुढच्या टोकाला वीजमीटर आणि माझं दुकान. मागच्या टोकाला माझ्या बायकोची, शालनची खोली. तिथे लाकडी पेटीत दोन बल्बांच्या उबेवर साठ अंडी होती. गेल्या वर्षी शालनच्या सगळ्या कोंबड्या एका आठवड्यात रोगाने गेल्या. तेव्हापासून ती अंगणात पाऊल टाकत नव्हती. ही साठ अंडी तिने स्वतःहून आणली, म्हणून मी ती पेटी देवासारखी जपत होतो. सोमवार हा अठरावा दिवस. अठराव्यानंतर पेटी हलवायची नसते, झाकण उघडायचं नसतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, ऊब टिकली तर.

"अवं, बल्ब बारीक झाल्यात," शालन आतून म्हणाली.

होणारच. बोळकांडीबरोबर भिंतीवरची तारही ताणली गेली होती. तार ताणली की लांब होते आणि लांब झाली की बारीक होते. वाट लांबली तरी वीज अडते, अरुंद झाली तरी अडते, इथे तर दोन्ही झालं होतं. भिंतीवर हात ठेवला तर कोमट लागली. पेटीत जायची ऊब वाटेतच सांडत होती. तसं अडण्यात वाईट काही नाही. बल्बातली तार विजेला अडवते म्हणून तर तापते. पण अडवायचं ते बल्बात, माझ्या भिंतीत कशाला? मला भयंकर राग आला, पण बोळकांडीवर रागावून माणूस करणार काय.

दुकानातली जाड तार काढून मी जुन्या तारेच्या शेजारून टोकापर्यंत नेली आणि दोन्हीकडे जोडली. एका वाटेच्या दोन झाल्या, बल्ब खुलले. मंगळवारी बोळकांडी तीनशे फूट झाली आणि जाड तारेची शेवई झाली. मी उरलेली रिळं लावली. बुधवारी टेप पुरेना. दुपारी शालनला हाक मारली तर उत्तर येईपर्यंत माझा चहा निवला.

"पेटीतलं टेंपरेचर छत्तीसवर आलंय. अजून खाली गेलं तर ऱ्हाणार न्हाईत हो." तिचा आवाज इतका बारीक होता की मला रडू आलं.

तार संपली होती. समोरच्या दुकानात अण्णा बसले होते. अण्णा माझे थोरले भाऊ. आमच्या गल्लीत पन्नाशीनंतर माणूस हळूहळू तांब्याचा होतो. आधी बोटांची टोकं, मग कोपरं. अण्णा गेल्या दिवाळीपासून पुरते तांब्याचे होते आणि त्यांना ते शोभतही होतं. माझे हात मनगटापर्यंत झाले होते.

अण्णांशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. पिठाच्या गिरणीची जळालेली मोटर मी नव्या तारेने भरली होती आणि ती सुरूच होईना. अण्णांनी ती चारचौघांत उघडली आणि म्हणाले, "टोक घासलं न्हाईस." मोटरच्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो. जोड देण्याआधी तो पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. नाहीतर तारेला तार लागलेली दिसते, पण वीज पलीकडे जात नाही. आमच्या धंद्यात शिकाऊ माणूसही हे विसरत नाही. मी म्हणालो, घासलं होतं. बोलणं तिथेच संपलं.

बुधवारी मी रस्ता ओलांडला.

"तार संपली," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्या दारातून आत लांबवर पाहिलं. "माणसं हायत की," ते म्हणाले आणि उठले.

गुरुवारी सकाळी, एकविसाव्या दिवशी, गल्ली बोळकांडीत उतरली. दोन रांगा केल्या, कारण वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परत यावं लागतं. बायकांची रांग येण्याची, पुरुषांची जाण्याची. मधे कोरडी फळकुटं उभी केली. कोरड्या लाकडातून वीज वाट काढत नाही. आमच्या गल्लीत इतकी माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. गेलेलीही आली असावीत. आमचे वडील होते, पण रांगेत फार पुढे. त्यांनी मागे न बघता हात वर केला.

बायकांनी हात धरले आणि त्यांची रांग पहिल्या झटक्यात लागली. पुरुषांची लागेना. "नुसतं उभं ऱ्हायचंय, तेबी जमंना," पलीकडून हौसाबाई म्हणाल्या. त्या चौकात वडे तळतात.

अण्णा टेस्ट लॅम्प घेऊन जोडाजोडाने तपासत आले. हात आणि हात, दिवा लागला. हात आणि हात, लागला. रांगेत शेवटी, मीटरजवळ, मी होतो. माझ्याजवळ दिवा लागला नाही.

"हात दाव, मारत्या."

मी तळवे पुढे केले. त्यांच्यावर तपकिरी, चकचकीत लेप होता, अगदी नव्या रिळावर असतो तसा. मी पॉलिश पेपरने घासलं. ओरखडाही उठला नाही.

शालनचा आवाज आला. तो तासाभरापूर्वी निघालेला असणार. "पस्तीस," ती म्हणत होती. "ऐकू येतंय का?"

"अण्णा," मी म्हणालो, "त्या गिरणीच्या मोटरचं टोक मी घासलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. लाज वाटली."

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "आता घास."

या वेळी दोन्ही तळव्यांवरचा लेप कांद्याच्या सालीसारखा सुटला. खालचे तळवे लाल, उघडे आणि फार हळवे होते. अण्णा रांगेत माझ्या पुढे उभे राहिले आणि त्यांनी माझा एक हात आपल्या हातात घेतला. तीन वर्षांत मी त्यांच्या इतक्या जवळ उभा राहिलो नव्हतो, आणि मला बरं वाटलं. दुसरा हात मी मीटरच्या तारेवर ठेवला.

खांद्यातून काहीतरी शिरशिरत गेलं. भिंत हळूहळू गार झाली. बोळकांडीच्या टोकाला, मोहरीएवढा, पिवळा उजेड दिसला.

कोणी हात सोडला नाही. मग लांबून, माणसामाणसातून, काहीतरी माझ्याकडे यायला लागलं. वडिलांनी मान वळवून तळहाताकडे पाहिलं. त्यांच्या मागच्याने पाहिलं, त्याच्याही मागच्याने. अण्णांचा हात किंचित दचकला. आणि माझ्या तळव्यात, नुकत्याच घासलेल्या जागी, आतून कोणीतरी चोच मारली.